आतली कडी

परसात संडास बांधला आणि सासूबाईंच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. उघड्यावर जायची तेव्हा सून चटकन परतायची; आता आत शिरली की बाहेर यायचं नाव नाही! फोन तर घरातच असायचा. दाराला कान लावला, तर आत चिडीचूप.

"नक्की कुठेतरी पाणी मुरतंय," त्या पुटपुटल्या.

सून माहेरी गेली, तशा त्या आत शिरल्या आणि कडी लावून कोपरान् कोपरा धुंडाळला. एक पालथी घातलेली बादली, बस्स. दमून तिच्यावरच टेकल्या.

"अगं ए, माझा चष्मा कुठंय? चहा टाकलास का?" नवऱ्याने घरातून हाक मारली.



लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सासूबाईंनी त्या हाकेला ओ दिली नाही.