पहिली मिश्री

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी हौसाबाईंना बजावलं होतं, "जखम भरेपर्यंत मिश्री बंद. जेवण झालं की कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच चूळ भरायची." घरी येताच सून रंजनानं मिश्रीची डबी लपवून ठेवली.

हौसाबाईंनी तो दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या सकाळी मात्र तल्लफ अनावर झाली. फडताळ, माळा सगळं धुंडाळून त्या परसात आल्या, तर गोठ्यामागं रंजनाच डबी उघडून हिरड्यांवर बोट फिरवत होती.

"आत्या, माझी बी दाढ ठणकतीया," ती चाचरली. "ह्यानं जरा बधिर हुतं."

हौसाबाई रागानं पुढं झाल्या, पण त्यांना जुनी गोष्ट आठवली. नवी नवरी असताना ही पोर दातदुखीनं रडली, तेव्हा पहिली मिश्री त्यांनीच तिच्या बोटावर ठेवली होती.

त्यांनी सुनेची हनुवटी वर उचलली. "आ कर बघू." दाढ पार पोखरली होती.

"टाक ती डबी उकिरड्यात अन् साडी बदल," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जायाचंय. भिऊ नगंस. सुई टोचताना माझा हात धर."