भिमाजीचे गुरुवार

भिमाजीनं दाराला कडी घातली, सायकलीवर टांग टाकली आणि मंचरचा रस्ता धरला. झुंबरबाई खुरपं हातात घेऊन ओट्याखाली उभी होती. सायकल वळणाला लागेपर्यंत नवऱ्याची मान एकदाही मागं वळली नाही, आणि तेच तिला लागलं.

वर्षापूर्वी हाच माणूस वेशीपासून तीन-तीनदा परत यायचा. कडी हलवून बघायचा, निघायचा, पुन्हा यायचा. निरगुडसरच्या शाळेत तो शिपाई. तिथली कुलपं ओढून ओढून त्याची बोटं सोलवटायची. घरी आला की बायकोला विचारायचा, "लावली ना गं मी कडी?" ती म्हणायची, "लावली. मी बघितली." तेवढ्यावर त्याच्या जिवात जीव यायचा, आणि घटकाभरानं पुन्हा तेच. एकदा तर पठ्ठ्यानं मंचरच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या साळुबाईकडे फोन लावला आणि झुंबरबाईला भाकरी थापता थापता बोलावून घेतलं. कशाला, तर कडीची खात्री करायला.

बारा वर्षं ती दिवसातून तीस-चाळीस वेळा हे सांगत आली. बायका तिची कीव करायच्या. करू द्या. जिच्या एका शब्दावाचून नवऱ्याचं पान हलत नाही, अशी दुसरी कोण होती गावात?

मग हेडमास्तरांनी भिमाजीला गुरुवारची दुपारची सुट्टी दिली आणि मंचरला धाडलं. मनाच्या दुखण्यावर इलाज करणाऱ्या तेजस्विनी नावाच्या बाई पुण्याहून तिथं येऊन बसायच्या. त्यांच्याकडे गंडा नव्हता, सुई नव्हती, नुसतं बोलणं. पहिल्या खेपेला झुंबरबाईही गेली होती. बाईंनी भिमाजीची एकेक भीती कागदावर उतरवली, सोपी आधी, अवघड नंतर. कडी एकदाच लावायची. जीव घाबरा झाला तर होऊ द्यायचा, पण परत जायचं नाही. घाबरेपणा चढतो तसा उतरतोही, म्हणाल्या. मग झुंबरबाईकडे वळून त्यांनी सांगितलं, "आणि ताई, यांनी विचारलं तरी तुम्ही उत्तर द्यायचं नाही. खाजवलं की खाज वाढते, तसं आहे हे."

बारा वर्षांची सेवा, आणि तिला नाव काय, तर खाजवणं. झुंबरबाईनं त्यानंतर त्या खोलीत पाय ठेवला नाही. भिमाजीनं चार-पाचदा चल म्हणून पाहिलं, पण ती ढिम्म हलली नाही.

उपाय मात्र लागू पडला. दसऱ्याला विचारणं दिवसाला पाचावर आलं आणि दिवाळीला पार थांबलं. भिमा माणसात आला, असं गाव म्हणू लागलं. झुंबरबाईनं देवीला नारळ वाढवला खरा, पण घरात तिला करमेना. आणि माणूस बरा झालाय, तर गुरुवार का सुटत नाहीत? दिवाळीपासून तो भीतीचा कागदही घरी आणीत नव्हता. निघताना सदरा मात्र इस्त्रीचा लागायचा.

ती बाई गोरी होती, शिकलेली होती, आणि आता नवऱ्याला हवा तो शब्द तिच्याकडे होता. तो परत आला की झुंबरबाई सदरा हुंगायची, खिसे चाचपायची, तो पाय धुवायला गेला की पुन्हा चाचपायची. बाई काय म्हणाली, असं आल्या आल्या विचारायची, जेवताना विचारायची, अंथरुणावरही विचारायची. भिमाजी एकदा नीट सांगायचा आणि मग गप्प बसायचा. तो गप्प बसला की तिला वाटायचं, पाणी मुरतंय.

आज तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. सायकल दिसेनाशी झाली तशी तिनं कडी काढली, दार सताड उघडं टाकलं आणि रानात निघून गेली. संध्याकाळी तो हादरणार होता, तिला विचारणार होता, आणि ती अगदी मायेनं उत्तर देणार होती. मग बघू म्हणावं बाईला.

दिवस कलता कलता दोघं ओट्यापाशी एकदमच पोचली. घरातून साळुबाईची शेळी मेथीची जुडी चघळत बाहेर आली. आत पिठाचा डबा आडवा झाला होता. भिमाजीचा चेहरा पांढराफटक पडला. झुंबरबाई श्वास रोखून वाट बघत राहिली.

त्यानं दाराला हात टेकला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग शेळी हाकलली, आणि केरसुणी उचलून पीठ गोळा करायला लागला.

"कडी उघडी राह्यली वाटतं," ती म्हणाली.

"असंल."

"दुपारी लावली व्हती का तुमी?"

"लावली असंल, नसंल बी."

ती उंबऱ्यावर बसली. "अवो, मला इचारा की. मी व्हते ना तिथं. मला का इचारत न्हाई?"

भिमाजीनं केरसुणी ठेवली. कडी कुणी काढली ते त्याला आता कळलं होतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. राग नव्हता म्हणूनच ती जास्त पेटली.

"त्या बाईनंच शिकवलं ना हे? काय बोलता तिच्यासंगं दर गुरुवारी? खरं सांगा, काय बोलता?"

तो तिच्याशेजारी येऊन बसला.

"माझं दिवाळीलाच संपलं, झुंबर. आता यायची गरज न्हाई म्हणाल्या बाई. तू काय यायला तयार नव्हतीस, म्हणून तवापास्नं खुर्चीत मी बसतो आन् दुखणं तुझं सांगतो."