तिसरा भाग कायम बाहेर

कॅसेट नवऱ्याच्या ऑफिसच्या पिशवीत, डब्याखाली, टॉवेलात गुंडाळलेली सापडली. शाळेतल्या शिवणबाईंनी टॉवेल सोडला, नाव वाचलं, त्याखालचं ‘भाग तिसरा’ वाचलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

कव्हरवर लाल पडद्याला टेकून एक बाई उभी होती. हातात सुरा, अंगावर जेमतेम चादर. शिवणबाईंनी कव्हर झटकन उलटं केलं.

नवरा आतल्या खोलीत पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडला होता. वजनकाट्यावरचा कारकून, काट्यावरूनच घसरला. सकाळपासून त्याचं एकच चाललं होतं, “मला एक गाडी बोलावून दे, दहा मिनिटांत येतो.” कुठे जायचंय, ते सांगेल तर शपथ. हाड मोडलेल्या माणसाला शनिवारी सकाळी कसली एवढी घाई, म्हणून तर बाईंनी पिशवी उघडली होती.

“औषध घेऊन येते,” असं दारातूनच सांगून त्या निघाल्या.

कॅसेटचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. पुढच्या फळ्यांवर कार्टून, कौटुंबिक. मागे एक पडदा आणि पडद्याआड हे असले दुसरे, तिसरे, चौथे भाग. पहिला भाग नेणारा निदान म्हणू शकतो, मला वाटलं साधी खुनाची गोष्ट आहे. दुसरा भाग नेणाऱ्याला तेवढीही पळवाट नसते. तरी सगळे नेत. डॉक्टर नेत, हेडमास्तर नेत. वर्तमानपत्रात गुंडाळून, मान खाली घालून. आणि सोमवारी हीच माणसं मुलींच्या स्कर्टची लांबी ठरवायला शाळेच्या बैठकीत बसत.

“या वहिनी!” दुकानदार म्हणाला. “आज तुम्ही? तिसरा भाग आजारी आहे की काय?”

“कोण?”

त्याने जीभ चावली. “माफ करा हं. सगळे त्यांना तसंच म्हणतात.”

बाईंनी कॅसेट काउंटरजवळ धरली, पण ठेवली नाही. “कधीपासून नेतात?”

“सहा वर्षं झाली की! दर शनिवारी आणायची, नोंद करायची, तीच पुन्हा घेऊन जायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. हावरेपणाला पण काही हद्द असते, राग मानू नका. आणि गंमत बघा.” त्याने कॅसेटच्या काचेवर बोट टेकवलं. “फीत कायम इथेच थांबलेली. लाडका सीन असणार, दुसरं काय!”

बाईंची कानशिलं तापली. “तुम्ही बघितलीय?”

“मी? आचारी कधी पोटभर जेवतो का? जुन्या मालाच्या खोक्यातून आली, त्याच दिवशी त्यांनी उचलली. एकच प्रत.”

“म्हणजे इथे कुणीच...”

“कुणीच नाही. म्हणून तर लोक पेटलेत.”

“आली का?” मागून दवाखान्यातल्या कंपाउंडरचा आवाज आला. “अहो, दुसऱ्या भागात विहिरीत ढकललेली बाई चौथ्या भागात वकील होऊन येते! मध्ये काय झालं, काही पत्ता नाही. सहा वर्षं डोक्याला भुंगा!” मग त्याला चेहरा दिसला. “अरे, बाई तुम्ही! आमची धाकटी तुमच्याच वर्गात. काय सुरेख काजं करते हो!”

आणि बोलता बोलता त्याने हात पुढे केला. “द्या इकडे, आज माझा नंबर.”

कॅसेट ठेवायची आणि निघायचं, इतकं सोपं होतं. दुकानदार रजिस्टर उघडून बसलाच होता. बाईंनी कंपाउंडरच्या पसरलेल्या तळहाताकडे पाहिलं.

“ही मी परत नेतेय,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. “आमच्याच नावावर लिहा.”

दुकानदाराने नाव लिहून रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. मग कंपाउंडर फिसकन हसला. “घर सगळंच रसिक निघालं म्हणायचं!”

सोमवारी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोचणार, मंगळवारी मुली मशीनमागे तोंड लपवून हसणार. बाईंनी सही केली.

घरी नवरा कोपरांवर उठून बसायची धडपड करत होता. पिशवीत कॅसेट नसल्याचं त्याला कळलं होतं.

“परत केलीस?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “कुणी नेली? त्या कंपाउंडरने?”

“नाही. पुन्हा घेऊन आले.”

तो उशीवर पडला आणि त्याने छातीत कोंडलेला श्वास सोडला. ते समाधान बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सगळं गाव तुम्हाला तिसरा भाग म्हणतं.”

“माहीत आहे.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. दर शनिवारी वाटते.” तो छताकडे बघत होता. “पहिल्यांदा बघायलाच आणली होती, खोटं कशाला बोलू? तू माहेरी गेली होतीस. आधीचे दोन भाग चवीने बघितले होते. तोच बंगला, तोच पडदा, खुनी कोण ते पाच मिनिटांत कळतं. तरी बघत होतो.”

“आणि तेव्हापासून बघताच आहात.”

“तेव्हापासून एकदाही मशीनला लावलेली नाही.”

बाई उभ्याच होत्या. कॅसेट त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. “मग ती मध्येच का थांबलीय?”

नवऱ्याने मान वळवली आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“कारण तिथे त्या बंगल्याच्या जिन्यावरून तू खाली उतरलीस.”