बाईंचा गुरुवार

"गप्प! दादा बोलतोय." बाईंनी बोट वर केलं, आणि भाडेकरीण हातातला चहा घेऊन दारातच थांबली.

दादा म्हणजे रेडिओवरचा निवेदक. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला तो लोकांची आभाराची पत्रं वाचायचा. कुणी डॉक्टरांचे आभार मानलेले, कुणी शेजारणीचे, एकाने तर विसरलेली छत्री घरी आणून देणाऱ्या कंडक्टरचे. अकरा वर्षांत बाईंनी एक गुरुवार चुकवला नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा डॉक्टरांशी भांडून शुक्रवारी करून घेतलं होतं.

वेड म्हणजे किती! दादाला सर्दी झाली की ह्यांचा जीव खालीवर. मागच्या थंडीत तर त्याला स्वतः विणलेला मफलर पाठवला.

"आधी हा मुलांचा कार्यक्रम करायचा," बाई सांगायच्या. "तेव्हापासूनचा आवाज आहे. देव कुणी पाहिलाय? माझा आपला ह्याच्यावर भरवसा."

कार्यक्रम संपला की बाई खटका बंद करायच्या आणि म्हणायच्या, "नाही आलं."

ते "नाही आलं" भाडेकरणीला ऐकवत नसे.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तीन वर्षांपूर्वी खोली बघायला आली, तेव्हा बाईंनी एकच अट घातली होती. "खोली कधीही रिकामी करावी लागेल. एका दिवसात. कबूल असेल तर सामान आण." तिने कबूल केलं, पण ती टांगती तलवार तेव्हापासून डोक्यावर होतीच. खोलीतल्या एका कपाटाला कुलूप असे, आणि दर गुरुवारी सकाळी बाई स्वतः येऊन पलंगावरची चादर बदलून जात. म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

बाकी बाईंसारखं माणूस शोधून सापडायचं नाही. ती तापाने फणफणली होती, तेव्हा आठ दिवस बाई तिच्या उशाशी बसून होत्या. हे ऋण कसं फेडायचं, हा तिला प्रश्नच होता.

बाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली होती. कोपऱ्यावरची बेकरीवाली अजून त्यांना पाहून स्टुलावरून ताडकन उठे. "आम्हाला सगळ्यांना एकदा तरी वर्गाबाहेर उभं केलंय त्यांनी," ती हसून सांगायची.

बाईंनाही त्याचा अभिमान होता. "माझ्या वर्गात नातीगोती चालत नसत. चपलांबरोबर नातं दाराबाहेर काढायचं. आत आलं की मी बाई, आणि सगळ्या पोरी सारख्या."

मग इतक्या पोरींपैकी एकीला दोन ओळी खरडता येऊ नयेत? कृतघ्न मेल्या! भाडेकरीण मनातल्या मनात चरफडायची.

शेवटी तिनेच पत्र लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काउंटरवर बसून. सही कुणाची करायची, ते तिने आधीच ठरवलं होतं. दुपारी डोळा लागला की बाई कधीकधी झोपेत बोलायच्या, "चिमणे, जेवून घे गं." ही बाईंची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी असणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

तिसऱ्या गुरुवारी दादाने ते पत्र वाचलं.

"घड्याळाच्या मनोऱ्याजवळ मुलींची शाळा आहे. तिथल्या बाईंसाठी हे पत्र," तो म्हणाला. "आदरणीय बाई, तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत, तेव्हा फार राग आला होता. पण आज मी स्वतःच्या पायावर उभी आहे, ती तुमच्या शिस्तीमुळे. मी सुखात आहे. माझी काळजी करू नका. तुमची आभारी, चिमणी."

बाईंचा चहा बशीत सांडला. पुढची पत्रं चालू असतानाच त्यांनी खटका बंद केला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"आलं की हो, बाई!" भाडेकरणीने टाळी वाजवली. "आता तोंड गोड करा!"

"सुखात आहे म्हणाली ना?"

"हो."

"काळजी करू नका, असंही म्हणाली?"

"हो हो, मी ऐकलं ना."

बाई उठल्या. किल्ली घेऊन तिच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी ते कपाट उघडलं. आत मुलीचे कपडे होते, घडी न मोडलेले. एक दप्तर होतं. बाईंनी सगळं चादरीत टाकून गाठ मारली.

"उद्या हे कुणाला तरी देऊन टाक. कपाट तुला. खोलीही तुलाच, हवी तितकी वर्षं राहा. आता ती कुणाला लागायची नाही."

भाडेकरणीला भरून आलं. एवढंसं पत्र, पण काय फळलं! "किती लाडकी होती हो तुमची ही चिमणी!" ती म्हणाली.

बाई रेडिओजवळ परत आल्या आणि वायर काढून गुंडाळू लागल्या.

"ह्याच्या आवाजावर जीव होता तिचा. लहानपणी ताट पुढ्यात तसंच ठेवून ऐकत बसायची. कधी लिहिलंच तर ह्यालाच लिहील, म्हणून मी ऐकत होते. मला कुठे रेडिओचं वेड होतं?" त्यांनी वायरीला गाठ मारली. "भर वर्गात एकदा घरच्यासारखी हाक मारली, म्हणून दिवसभर बाहेर उभी केली होती मी तिला. पुन्हा तशी हाक मारली नाही तिने, घरातसुद्धा. बावीस वर्षांपूर्वी निघून गेली, तेव्हाही उंबऱ्यातून 'येते, बाई' म्हणाली. आभार कुणाला हवे होते गं? निदान पत्रात तरी तिने 'आई' लिहायचं होतं."