रुमालाऐवजी नात

"ओवी, तू आत बसून दोन जागा धर. मी तिकिटं काढून आलोच," आजोबा म्हणाले. गावी ते एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत. इथे क्रोएशियात, झाग्रेबच्या स्थानकावर बसची काच उघडेना, म्हणून त्यांनी नातीलाच आत बसवलं.

"नात जागा धरून बसलीये," त्यांनी तिकीट देणाऱ्या बाईला इंग्रजीत सांगितलं आणि बोटानं बस दाखवली.

बाई दचकली. "ती बस दुसऱ्या गावाला चाललीय! तुमची अजून लागायचीय."

आजोबांनी वळून पाहिलं. बस मागे सरकत होती.

ते धावले. ओवीचा पासपोर्ट त्यांच्या खिशात होता आणि तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. "थांबा हो! पोरगी आहे आत!" त्यांच्याही तोंडून मराठीच निघत होतं. फाटकाशी बस क्षणभर थांबली. त्यांनी दारावर दोन्ही तळवे बडवले, तेव्हा ते उघडलं.

खाली उतरलेल्या नातीला त्यांनी कवटाळलं. "घाबरलीस ना गं?"

"नाही. तुम्ही पळताना दिसत होतात ना. दिसेनासे झाला असतात, तर रडणार होते."