बशीतली साक्ष

"तुझ्या कातडीनं बशीत बसून साक्ष द्यायची, आणि मी ती खरी मानायची?" प्रमिलाबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. सून प्रयोगशाळेत पेशींवर काम करायची आणि घरात साडेआठ वाजल्याशिवाय उठायची नाही. आता म्हणे, शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे घड्याळ!

"आई, पेशीत एक प्रथिन साठत जातं. पुरेसं साठलं की ते स्वतःचीच निर्मिती थांबवतं, मग विरतं, आणि पुन्हा साठू लागतं. अशी एक फेरी म्हणजे पेशीचा एक दिवस. माझ्या कातडीतल्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत, अंधारात ठेवल्या तरी त्यांची फेरी चोवीस तासांहून लांबतेच. म्हणून मला उशिरा जाग येते."

आळशीपणाला शास्त्राचं पांघरूण! प्रमिलाबाईंनी सरळ दंड पुढे केला. "माझी कातडी घे. लग्न झाल्यापासून पाचला उठतेय मी. बघू तुझी बशी काय म्हणते."

कातडीचा कण काढलेल्या जागची दंडावरची खपली पडून गेली, आणि एका संध्याकाळी सून घरी आली ती थेट आपल्या खोलीकडे वळली. काहीतरी लपवतेय, हे त्यांनी ताडलं. "हरलीस ना?"

"आई, तुमची फेरी माझ्याहून लांब आहे."

"खोटं!" त्या म्हणाल्या खऱ्या, पण डोळे उघडावेत म्हणून मोरीत उभं राहून तोंडावर मारलेले गार पाण्याचे हबके त्यांना आठवले. त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंनी चारचौघांत म्हटलेलं 'ऐदी' आठवलं.

दुसऱ्या दिवशी पाचचा गजर त्यांनी चटकन दाबला, सुनेच्या खोलीकडे कान देऊन ती जागी नाही ना याची खात्री केली, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.