जुनं हेडर

भाग्यलक्ष्मीला मी चारदा सांगितलं, तुझ्या आप्पांच्या त्या दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारला नवं हेडर घाल. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांचा तो जोड. जुना गंजून गेलेला, नवा चकचकीत स्टीलचा. पण पोरगी ऐकेल तर शपथ.

"जुनंच बसवा, गणपतीमामा. आप्पांनी हातानं बसवलेलं हाय ते."

आठ वर्षांपूर्वी अणशी घाटात गाडी सापडली. आप्पा सापडले नाहीत.

दोन्ही हेडरं सकाळपासून गॅरेजात टेबलावर होती. इंजिन बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून घासून घ्यायला, बेळगावला गेलेलं, दोन्ही दारं काढून रंगाऱ्याकडे दिलेली. गाडीचा नुसता सांगाडा बाहेर उभा.

चालू इंजिनात कुठला सिलिंडर मेलाय हे बघायला आम्ही हेडरवर पाणी शिंपडतो. तापलेली नळी चुरचुरते, मेलेली गप्प राहते. तीस वर्षांची सवय. बोलता बोलता मी दोन्हींवर पाणी शिंपडलं.

नवं गप्प राहिलं.

जुनं चुरचुरलं. चारही नळ्यांवरून वाफ उठली.

मी बोट लावलं आणि ओरडलोच. कातडी सोलून निघाली. खाली टेबलाचं लाकूड करपायला लागलं.

भाग्यलक्ष्मी पांढरीफटक पडली. "मामा, आप्पा घाट चढून घरला आले की असंच तापलेलं असायचं."

मी पुन्हा पाणी मारलं. काहीच आवाज नाही. हात लावला, तर चारही नळ्या गार.

आणि बाहेर गाडीचं दार धाडकन लागलं.